अण्णांची फेरमोजणी

शुक्रवारी आमच्या कारखान्याचा भोंगा वाजत नाही.

नळ्याची कौलं दरवर्षी उतरवून पुन्हा रचावी लागतात. फुटकी काढायची, शेवाळ झटकायचं, माकडांनी सरकवलेली जागेवर आणायची. याला शाकारणी म्हणतात. मे संपायच्या आत ती झाली नाही, तर त्या घरात पावसाळा काढता येत नाही.

सिंधी माणसाच्या घरी पाण्याबरोबर पापड येतो.

मोजणीची साखळी तेहतीस फुटांची. तिचे सोळा भाग. एका भागाला आणा म्हणतात.

घडीची खाट, हिरव्या कॅनव्हासची. तीन आठवडे भिंतीला टेकून उभी.

"मागच्या बाजूला बसा मॅडम. कोन्नी नसतं."

सोमाला सोमवारी उत्तर हवं.

*

या सगळ्याचा एकमेकांशी संबंध आला तो १९९२ च्या मे महिन्यात, एका शनिवारपासून पुढच्या शुक्रवारपर्यंत.

मी अंजनी. अंबरनाथला आनंदनगरच्या एमआयडीसीत रंगाला लागणारी रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात केमिस्ट होते. राहायला बदलापूरला, बनूबाईंच्या चाळीत, दोन खोल्या. दुसरी खोली नवीन घेतलेली. खाट तिच्यात होती.

खाट ज्यांच्यासाठी होती ते माझे वडील, हरिचंद्र. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार म्हणून तीस वर्षं नोकरी करून माणगावच्या पलीकडे आमच्या वाडीत राहत होते. आई गेल्यापासून एकटे. आदल्या वर्षी शाकारणी चालू असताना, कौलं रचणाऱ्या सोमाला 'तिसरी ओळ तिरकी चालली आहे' हे सांगायला ते शिडीवर चढले आणि उजवं मनगट मोडून खाली आले. ओळ खरंच तिरकी होती, असं ते प्लास्टर असेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

तेव्हापासून मी मागे लागले होते, इकडे या. एप्रिलमध्ये त्यांचं पत्र आलं:

'शनिवारी येतो, रविवार राहतो. रविवारी तुला सुट्टी असेलच, त्यामुळे एकच रजा खर्ची पडेल. जागा पाहतो. पटली तर यंदा घर शाकारत नाही, तिकडेच राहीन. न पटल्यास सोमवारी संध्याकाळपर्यंत सोमाला सांगितले पाहिजे, कारण मंगळवारपासून तो पलीकडच्या वाड्यांची कामे धरतो व मृगापर्यंत हाती लागत नाही.'

म्हणजे माझ्याकडे दीड दिवस होता.

त्यात एक अडचण. मला रविवारी सुट्टी नव्हती. विजेचा भार वाटून घ्यायचा म्हणून औद्योगिक वसाहतींना आठवड्यातले वेगवेगळे दिवस वाटून दिलेले होते. आमच्या वाट्याला शुक्रवार आला होता. शुक्रवारी लाइन बंद, कारखाने बंद, भोंगा बंद. रविवारी सगळं चालू. नोकरी लागली तेव्हा हे अण्णांना सांगायचं राहिलं, आणि मग सहा वर्षं राहिलंच. त्याला कारण होतं. शेजारच्या वाडीतला एक जण रविवारी नोकरीवर जातो हे ऐकून अण्णा एकदा म्हणाले होते, "रविवारी कामावर जाणारा एकतर पोलीस असतो, नाहीतर त्याने धरलेला."

मी दोन्ही दिवसांची रजा टाकली आणि गप्प बसले.

*

कॅन्टीनमध्ये मी विचारलं, "बाहेरगावच्या माणसाला दोन दिवसांत इथलं काय दाखवावं?"

चार जणांनी एकदम उत्तर दिलं, म्हणून काही कळलं नाही.

"एक एक," मी म्हटलं आणि टेस्ट रिपोर्टचा कोरा कागद उलटा करून पेन काढलं.

"वडील ना? चालतात का?" सुदामने विचारलं. सुदाम बॉयलरवर होता, जन्मापासून अंबरनाथचा.

"आयुष्यभर शेतं मोजत चाललेत."

"मग शिवमंदिर. पण फ्रंटला नाय हां. मागच्या बाजूला, ओढ्याकडे. तिथं दगडावर बसायचं नि भिंत बघायची, खालून वरपर्यंत नुसतं कोरलेलं. मागच्या बाजूला बसा मॅडम. कोन्नी नसतं. आपण तर झोपतो तिथं."

"देवळात झोपतोस?" पद्मजा म्हणाली. ती डिस्पॅचला होती आणि सुदामला टोकायची एकही संधी सोडत नसे.

"देवळाच्या मागं. देव पुढं असतो."

"अंजू, तू नदीवर ने त्यांना," पद्मजा म्हणाली. "आपला बदलापूरचा बंधारा. पाचनंतर जायचं, पाण्यात पाय सोडून बसायचं. टिटवी ओरडलेली ऐकू येते, इतकं शांत."

स्टोअरकीपर मोटवानी उल्हासनगरचे, कॅम्प पाचचे. त्यांनी दोन्ही हात वर केले. "अरे भाई, मंदिर, नदी, ये सब पिताजी को गाव में नहीं मिलता क्या? उल्हासनगर दाखव ना! माझा साडू आहे, टेलर. साडूच्या दुकानात बसव. माप घेणार, चाय पिलाणार, चाय संपली की पँट तयार! और बातें करेगा, सिंधच्या, आपल्या बापाच्या. आदमी एकदम फुरसतवाला."

"आणि खायचं काय?" कॅन्टीनवाला चंदू काउंटरच्या मागून म्हणाला. "माझ्याकडे तर आणू नका."

"तेवढं तरी समजतं तुला," सुदाम म्हणाला.

"ऐक ना. इथंच स्टेशनच्या पूर्वेला मिसळवाला आहे, जिन्याखाली. मालक स्वतः टेबलावर येऊन बसतो. रस्सा विचारतो, तिखट झालं का विचारतो, घरचं विचारतो. जागा तर कायम असते."

चार जणांच्या चार ओळी झाल्या. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मला भारी वाटत होतं. सहा वर्षं एकत्र डबा खाल्लेली, या गावांत मुरलेली माणसं होती ती. त्यांना माहीत नसेल तर कोणाला?

*

शनिवारी दुपारी अण्णा आले. खोल्या पाहिल्या. दाराची उंची वितीने मोजली. खाटेवर बसून पाहिलं, उठून पाहिलं.

"कुरकुरत नाही," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून ही स्तुती होती.

बनूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "दादा, आलाव का? पोरीनं महिनाभर तुमचंच लावलंय. अण्णा येतील, अण्णा येतील. मला वाटलं गणपती येतोय का काय."

"गणपतीला परत पाठवतात," अण्णा म्हणाले.

"तुमालाबी पाठवू, नीट नाय राह्यलाव तर."

मी कागद पुढे केला. अण्णांनी चष्मा लावला, चारही ओळी दोनदा वाचल्या. मग खिशातून पेन काढून, माझी पट्टी मागून, कागदाच्या उजव्या बाजूला एक उभी रेघ मारली आणि वर लिहिलं: शेरा.

"हे कशाला?"

"सांगणारा सांगतो. जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय खरं कसं मानायचं?"

*

बंधारा, शनिवार, संध्याकाळी सव्वापाच.

मुंबईहून आलेल्या तीन बस नदीकाठी उभ्या. एकीच्या टपावर कर्णा. बंधाऱ्यावर पाय सोडायला जागा नव्हती, कारण तिथे आधीच शंभरेक पाय होते. एका गटाचं रस्सीखेच चाललं होतं आणि दोरीचं एक टोक पाण्यात होतं. एका काकूंनी आम्हाला त्यांच्याच पार्टीतले समजून कागदी बशीत ढोकळा दिला. अण्णांनी तो खाल्ला, बशी कुठे टाकावी ते शोधलं, न सापडल्याने घडी करून खिशात ठेवली.

"टिटवी," ते म्हणाले.

"अण्णा, आज जरा..."

"मी काही म्हटलं का? टिटवी एवढंच म्हटलं."

शेरा: टिटवी आढळली नाही. ढोकळा आढळला.

*

रविवारी सकाळी उल्हासनगर, कॅम्प पाच. मोटवानींच्या साडूचं दुकान बोळाच्या आत होतं. दारापासून छतापर्यंत जीन्सचे गठ्ठे. पाच मशीनं एकाच वेळी धडधडत होती, आणि मधल्या मशीनवर साडू, तोंडात तीन टाचण्या.

"मोटवानींनी पाठवलंय," मी ओरडून सांगितलं.

त्याने टाचण्या काढल्या. चेहरा खरंच फुरसतवाल्या माणसाचा होता, पण हात थांबले नव्हते. "बहनजी, माफ करना. चारसौ पीस शाम तक जाना है. बैठने का भी जगह नहीं. आप फ्राइडे को आओ ना, फ्राइडे को! चाय, पापड, सब कुछ."

अण्णा दाराशी उभे राहून गठ्ठे मोजत होते.

बाहेर आल्यावर म्हणाले, "मला पँट नकोच होती."

"माहीत आहे."

"पण सिंधचं ऐकायचं होतं."

हे मला माहीत नव्हतं.

मिसळवाल्याकडे रांग जिन्यावरून वर पुलापर्यंत गेली होती. पाऊण तास उभं राहून आम्हाला एक टेबल मिळालं, तेही दुसऱ्या दोघांबरोबर. मालक टेबलावर येऊन बसला नाही. तो गल्ल्यावर उभा राहून "खाऊन झालं की उठा, मागं पब्लिक आहे" असं दर दोन मिनिटांनी म्हणत होता. अण्णांनी रस्सा मागितला तेव्हा पोऱ्याने तो पावावर ओतला.

"मालक," मी उठताना म्हटलं, "चंदूने सांगितलं होतं तुम्ही टेबलावर येऊन बसता."

"बसतो की! शुक्रवारी या निवांत. आज कुठं?"

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. पुढे चालताना माझ्या डोक्यात फक्त देऊळ होतं. तिन्ही ओळी फसल्या होत्या, एक उरली होती.

*

देवळाच्या मागच्या बाजूला दोन साखरपुड्यांचे फोटो निघत होते. एक फोटोग्राफर दुसऱ्याला "तुमचा नवरा जरा बाजूला घ्या, माझ्या फ्रेममध्ये येतोय" म्हणत होता. ओढ्याच्या काठी बॅडमिंटन, बर्फाच्या गोळ्याची गाडी, आणि ज्या दगडावर बसायचं त्या दगडावर एक अख्खं कुटुंब पुरीभाजी खात बसलेलं.

अण्णा भिंतीजवळ उभे राहून वर बघायला लागले. त्यांना ती भिंत आवडतेय असं मला वाटलं. तेवढ्यात शटलकॉक येऊन त्यांच्या टोपीवर बसलं. त्यांनी ते काढून परत दिलं, मग बाहेर येऊन रस्त्याकडेच्या कठड्यावर बसले आणि कागद काढला. काही लिहिलं नाही.

"अंजने, ही चार माणसं तुझ्याबरोबर किती वर्षं आहेत?"

"सहा."

"आणि यांच्या भरवशावर तू इथे राहतेस."

"म्हणजे?"

"एक ओळ चुकली असती तर मी समजलो असतो. मोजणीत एखादा आणा इकडेतिकडे होतो. चारच्या चार चुकतात, तेव्हा चूक साखळीत नसते, माणसात असते." ते थांबले. "की तूच सांगितलंस त्यांना? म्हाताऱ्याला पटवायचंय, चांगलं चांगलं लिहा?"

"मी असं काही सांगितलं नाही."

"बरं."

या 'बरं'चा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक होता. बांधावरून भांडणारे शेतकरी खोटं बोलायला लागले की अण्णा त्यांना 'बरं' म्हणत आणि वही मिटत. त्यांनी कागद मिटला, पेन खिशाला लावलं.

"उद्या सकाळी निघतो. संध्याकाळी सोमाला सांगायला हवं."

मी गोळ्याच्या गाडीकडे बघत राहिले. रडू येत होतं आणि गोळेवाला नेमका मलाच विचारत होता, "काला खट्टा?" गाडीच्या मागून माणसं येतच होती. एवढी माणसं अंबरनाथला राहतात हेच मला माहीत नव्हतं. मी तर या देवळात कितीदा आले होते, सुदाम म्हणतो तशीच, दगडावर एकटी, पाय पसरून...

शुक्रवारी.

"अण्णा, ही शुक्रवारची यादी आहे."

"काय?"

मग मी सगळं सांगितलं. वीज, वाटून दिलेले दिवस, भोंगा. पद्मजा नदीवर जाते तेव्हा मुंबईची माणसं मुंबईत ऑफिसात असतात. मिसळवाल्याकडे जागा असते, कारण कारखान्यांच्या पाळ्यांची माणसं त्या दिवशी घरी झोपलेली असतात. साडूच्या लाइनीत शुक्रवारी वीज नसते, मोटारीची मशीनं बंद, म्हणून तो पायाच्या मशीनवर एखादी पँट शिवतो आणि बापाच्या गोष्टी सांगतो. चौघांनी जे सांगितलं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलंच सांगितलं होतं. त्यांनी रविवार पाहिला नव्हता. मीही नाही. सहा वर्षं मी या गावात होते आणि इथला रविवार मी आज, अण्णांबरोबर, पहिल्यांदा बघत होते.

अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"सहा वर्षं रविवारी कामावर जातेस?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्हीच म्हणाला होतात. एकतर पोलीस, नाहीतर त्याने धरलेला."

"तो विनोद होता."

"तुमचे विनोद ओळखू येत नाहीत, अण्णा."

त्यांनी कागद पुन्हा उघडला. वरून खाली पाहिलं, उलटा करून पाहिला. "यावर तारीख नाही. वार नाही."

"नाही."

"मोजणी कोणत्या दिवशी केली हे ज्यावर लिहिलेलं नाही, तो नकाशा नसतो. चित्र असतं." त्यांनी पेन काढून चारही ओळींच्या शेजारी, एकेका ओळीला, तेच लिहिलं: फेरमोजणी.

"फेरमोजणी कधी?" मी विचारलं.

"शुक्रवारी. दुसऱ्या कोणत्या दिवशी होईल?"

"आणि सोमा?"

गोळेवाल्याने न विचारताच दोन काला खट्टा पुढे केले. अण्णांनी एक घेतला.

*

बदलापूर स्टेशनबाहेर एसटीडीचं बूथ होतं. आमच्या वाडीच्या सोसायटीच्या दुकानात फोन होता. तिथून सोमाला हाक मारून आणवावं लागे. दहा मिनिटांनी पुन्हा लावला. काचेच्या आत अण्णा, बाहेर मी. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे ऐकू येत होतं.

"सोमा? मी बोलतोय. मी शुक्रवारपर्यंत इकडे आहे. ...काम आहे. सरकारी नाही रे, खासगी. ...हो, मंगळवारी तू पलीकडे चाललास, माहीत आहे मला. ...शनिवारी येशील का? ...नाही, बरोबर आहे, त्यांना शब्द दिलास तर जायलाच हवं. ...मृगानंतर काय उपयोग?"

भिंतीवरच्या मीटरचा लाल आकडा पुढे सरकत होता.

"राहू दे मग यंदा."

पलीकडून सोमा काहीतरी बोलला.

"माकडं? माकडांना सांग, मालक मोजणीला गेलेत."

बाहेर आले. मी विचारलं, "म्हणजे तुम्ही राहणार?"

"मी फेरमोजणी म्हटलं. राहतो असं कोण म्हणालं?"

"पण घर शाकारलं नाही तर..."

"चल. बनूबाईंनी आंबोळ्या करते म्हटलंय. गार होतील."

रात्री मला झोप लागली नाही. खाट कुरकुरत नव्हती, त्यामुळे अण्णा जागे आहेत की झोपलेत हेही कळत नव्हतं. आता शुक्रवारने दगा दिला असता, तर त्यांना तिकडे छप्पर नव्हतं आणि इकडे विश्वास.

*

सोमवार, कॅन्टीन.

"चारही फेल?" चंदूने विचारलं.

"चारही."

"शटलकॉक? टोपीवर?" पद्मजा हसू आवरत म्हणाली.

"मॅडम, तुम्ही वार सांगायला हवा होता ना," सुदाम म्हणाला.

"तू सांगायला हवा होतास."

"मी काय सांगणार? आपल्याला दुसरा वार हाय कुठं?"

मोटवानी मात्र गंभीर झाले होते. त्यांच्या साडूने त्यांचं नाव घेऊन आलेल्या पाहुण्याला उभ्याउभ्या परत पाठवलं, ही गोष्ट त्यांना लागली होती. "इज्जत का सवाल है," ते म्हणाले. "फ्राइडे को मैं खुद आऊंगा."

"मी पण," सुदाम म्हणाला. "दगड मी धरून ठेवतो."

मंगळवार ते गुरुवार मी कामावर. या तीन दिवसांत अण्णांनी स्टेशन ते चाळ हे अंतर पावलांनी मोजलं आणि ते बनूबाईंनी आजवर सगळ्यांना सांगितलेल्या अंतराच्या दीडपट निघालं. दोघांचं त्यावरून भांडण झालं. मग बनूबाई स्वतः त्यांच्याबरोबर पावलं मोजत गेल्या, येताना जांभळं घेऊन आल्या, आणि "दादा, तुमची पावलं बारकी हायत" असा निकाल दिला. अण्णांना तीस वर्षांत कोणी असं बोललं नव्हतं. संध्याकाळी त्यांनी मला चारदा सांगितलं.

*

शुक्रवार. भोंगा वाजला नाही.

साडूने दारातच अण्णांचे हात हातात घेतले. पाचही मशीनांवर कापड झाकलेलं होतं. पाणी आलं, त्याच्याबरोबर भाजलेला पापड. मोटवानी बाजूला उभे राहून साडू काही विसरत तर नाही ना याच्यावर नजर ठेवून होते. माप घेता घेता साडूने सांगितलं की त्याचे वडील सिंधमधल्या सक्करहून निघाले तेव्हा दुकानाची किल्ली बरोबर घेऊन आले, परत जायचंच आहे म्हणून.

"मग?" अण्णांनी विचारलं.

"मग काय, अण्णाजी. इधर दुसरा ताला लिया."

चहा संपला तेव्हा पँट तयार नव्हती. पहिला कप संपला, दुसरा संपला, तिसऱ्याला झाली. अण्णांनी कागद काढून तिथेच लिहिलं: चहा एक नव्हे, तीन. बाकी बरोबर. खाली तारीख, खाली वार, खाली सही. साडूने ते वाचून दाखवायला सांगितलं आणि मोटवानींना सिंधीत काहीतरी ऐकवलं. मोटवानींचा चेहरा उजळला.

मिसळवाला टेबलावर येऊन बसला. तो उठेना म्हणून आम्हालाही उठता येईना. त्याने मला लग्नाचं विचारलं, अण्णांना मनगटाचं विचारलं, आणि शिडी कशी लावायला हवी होती ते चमचे उभे करून दाखवलं. अण्णांना ते पटलं नाही. त्यांनी ते चमचे हलवून वेगळे लावले. रस्सा तीनदा आला.

बंधाऱ्यावर पद्मजा आधीच येऊन बसली होती. पाणी कमी होतं, पण पाय बुडत होते. टिटवी ओरडली नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पद्मजा कासावीस झाली. "दर वेळी असते हो अण्णा, खरंच," ती म्हणाली. अण्णा बारक्या लाटांकडे बघत राहिले. आणि मग पलीकडच्या काठाने, आम्ही उठायला निघालो तेव्हा, ती ओरडत गेली. पद्मजाने अण्णांचा दंडच धरला. "ऐकलंत? ऐकलंत ना?"

"ऐकलं," अण्णा म्हणाले. "पण पाचला नाही. पाच छप्पन्नला."

देवळाच्या मागे पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. दगडावर सुदाम झोपला होता. बाकी कोणीही नव्हतं. चंदू त्याच्या पायाशी बसून शेंगा सोलत होता. सुदामला उठवून अण्णांना जागा दिली. ते बसले, पाय पसरले, आणि भिंतीकडे बघायला लागले. तळापासून सुरुवात करून एकेक थर वर. मधेच बोट हवेत धरून एक डोळा मिटत होते. पद्मजा आणि मोटवानीही आमच्याबरोबर आले होते. सुदामला गप्प बसलेलं मी तेव्हाच पाहिलं.

शेवटी त्यांनी कागद काढला, उरलेली ओळ भरली. जागेवर जाऊन पाहिले. तसेच आढळले. तारीख, वार, सही.

राहणार का, हे मला विचारायचं होतं. अण्णांनी कागदाची घडी केली आणि ती माझ्याकडे न देता सुदामकडे वळले.

"आज शुक्रवार झाला. उद्यापासून ही कामावर. परवा रविवार. सगळं गाव बाहेर पडणार, आणि तुम्ही सगळे कारखान्यात. मी रविवारी कुठे जायचं?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"अण्णा," सुदाम डोकं खाजवत म्हणाला, "रविवारचं आम्हाला काय म्हाईत?"

"कोणालाच माहीत नाही?"

"बॉयलर दाखवू शकतो."

"नको," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे हात पुढे केला. "अंजने, कोरा कागद आहे का? रविवारची यादी मीच करतो. बनूबाईंना बरोबर घेतो. त्यांची पावलं मोठी आहेत म्हणे."

मी पर्समध्ये कागद शोधत राहिले. तो समोरच होता, तरी बराच वेळ लागला. चंदूने सगळ्यांच्या हातावर शेंगा ठेवल्या आणि मोटवानी अण्णांना विचारायला लागले की नवी पँट कमरेला सैल तर नाही ना.

आदल्या शनिवारी कल्याणला उतरल्यावर, स्टँडच्या बाहेर पडण्याआधी, अण्णांनी सोमवारी सकाळी साडेसहाच्या परतीच्या गाडीचं आरक्षण केलं होतं. हे मला पुढे, त्या यादीच्या घडीत न वापरलेलं तिकीट सापडलं तेव्हा कळलं. सीट नंबर अकरा, खिडकीची.